तीन नव्व्याण्णवच्या पुढे

माझे वडील एप्रिलमध्ये गेले आणि पेट्रोल जूनमध्ये चार डॉलरच्या वर गेलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण होव्हडालमध्ये तो जोडणारी माणसं आहेत. गावातले म्हातारे सेल्मर तर अजूनही म्हणतात, "ऑर्विल होता तोवर भाव धरून होता."

ऑर्विल म्हणजे माझे बाबा. नॉर्थ डकोटातल्या या गावात त्यांचा पेट्रोलपंप होता. पंप म्हणजे बाहेर दोन जुनी यंत्रं, उंच खांबावर भावाची पाटी, आणि आत एक छोटं दुकान. दुकानात ब्रेड, दूध, मोटारीचं तेल, आणि कोपऱ्यात एक टेबल, जिथे सकाळी कॉफी प्यायला गावातले निवृत्त लोक येत आणि दुपारपर्यंत निवृत्तच राहत.

मी मिनिआपोलिसच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लांबची रजा घेऊन आले होते. बेत अगदी लहान होता. कापणी संपेपर्यंत पंप चालू ठेवायचा आणि मग तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या हवाली करायचा. संस्थेची अट एकच होती, पंप चालू स्थितीत हवा. माझीही एकच होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. "ऑर्विलच्या पंपावर थेंब कमी पडत नाही," असं या जिल्ह्यात लोक एकमेकांना सांगत. बाबांनी मागे ठेवलेल्या सगळ्या चीजवस्तूंमध्ये सांभाळावी अशी ही एकच होती. ती मला जशीच्या तशी पुढे द्यायची होती.

मी एकदा अख्खं ग्रंथालय एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं आणि एकही पुस्तक हरवू दिलं नव्हतं. पंपाचं काय घेऊन बसलात, असं मला वाटलं होतं.

आता थोडं यंत्राविषयी. बाबांच्या पंपावर दिव्याचे आकडे नव्हते. आत लहान लहान चाकं होती, त्यांवर आकडे कोरलेले. नळी उचलली की चाकं गरगर फिरत आणि किती गॅलन, किती डॉलर ते पुढे सरकत जाई. भाव बदलायचा तर झाकण उघडून आतल्या तीन चाकांना हाताने फिरवायचं. पहिलं चाक डॉलरचं. त्यावर शून्य, एक, दोन, तीन असे आकडे होते. पुढे काही नव्हतं. ज्या माणसाने ते चाक बनवलं त्याला पेट्रोल कधी चार डॉलर गॅलन होईल असं स्वप्नातही वाटलं नसणार. त्या माणसाचा मला हेवा वाटतो.

तर जूनमध्ये एका सकाळी टँकरवाल्याने नवा भाव सांगितला, चार डॉलर दहा सेंट. मी झाकण उघडून बसले. चाक तीनपाशी थांबलं. मी जोर लावला. ते तीनपाशीच थांबलं. कॉफीचं टेबल उठून बाहेर आलं.

"जरा हातोडी मारून बघ," सेल्मर म्हणाले. सेल्मरांनी आयुष्यभर गहू केला आणि हातोडीने न सुटलेला प्रश्न त्यांना अजून भेटायचा होता.

"यंत्राचा दोष नाही," लव्हर्न म्हणाले. लव्हर्न आम्हाला शाळेत भूगोल शिकवायचे, आणि उभं राहिल्यावर अजूनही एक हात फळ्याच्या उंचीवर ठेवतात. "यंत्र तीन नव्व्याण्णवच्या पुढे मोजूच शकत नाही. मार्डेल, हे कालच तुझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मग तीन नव्व्याण्णवलाच विक की," सेल्मर म्हणाले. "लोक तुझं नाव काढतील."

"आणि माझं नुकसान?"

"ते तू कोणाला सांगू नकोस."

अर्डिस घराकडे निघाल्या. त्या आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि कुठलंही संकट दिसलं की घरी जाऊन लिंबाच्या वड्या भाजून आणतात. बाबा गेल्यावर मी इतक्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या होत्या की ताटली दिसली की मला आधी कोण गेलं असंच विचारावंसं वाटे.

मी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. नऊपर्यंतचं चाक मिळतं, असं कळलं. बरं वाटलं. कधी मिळेल, असं विचारलं.

"नोव्हेंबरमध्ये," पलीकडची बाई म्हणाली. "बाई, देशभरातले म्हातारे पंप एकाच आठवड्यात तीनपाशी अडलेत. तुमचा नंबर बराच मागे आहे."

"आणि तोपर्यंत पेट्रोल कसं विकायचं?"

"ते आम्ही सांगत नाही. आम्ही चाकं विकतो."

मग राज्याच्या राजधानीत, बिस्मार्कला, वजनमापवाल्यांना फोन. तिथे मला चार जणांनी चौघांकडे पाठवलं, त्यातला चौथा पहिलाच निघाला. त्याने शेवटी तोडगा सांगितला. यंत्रावर निम्मा भाव लावायचा. गिऱ्हाइकाने यंत्रावरचे डॉलर बघायचे आणि त्याच्या दुप्पट द्यायचे. शेजारी ठळक पाटी लावायची. पाटीवरची अक्षरं किती उंच हवीत, कुठल्या रंगाची हवीत, याचेही नियम होते. ते त्याने इतक्या आपुलकीने वाचून दाखवले की मला बाबांच्या अंत्यविधीची आठवण झाली.

पाटी मी स्वतः रंगवली. 'दाखवलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे द्यावेत.' साधं वाक्य. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई आहे. माणसं वाक्यं वाचतात, अशी माझी समजूत होती.

पहिलं गिऱ्हाईक ओहायोहून आलेलं. घराएवढी मोठी गाडी, मागे सायकली बांधलेल्या, आत बायकामुलं. त्या गृहस्थाने यंत्रावर दोन डॉलर पाच सेंट हा भाव पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. त्याने टाकी भरली. मग दोन डबे काढले, तेही भरले. मग मागून येणाऱ्या मेव्हण्याला फोन केला आणि वाट वाकडी करून इकडे ये म्हणून सांगितलं. हे सगळं मी खिडकीतून पाहत होते. वाटलं, माणूस हिशेबी दिसतो, पाटी वाचली असेल.

आत आल्यावर मी दुप्पट आकडा सांगितला.

"म्हणजे?"

"पाटीवर लिहिलंय."

"बाई," तो म्हणाला, "मी पाट्या वाचायला सुट्टीवर निघालेलो नाही."

त्याने पैसे दिले, पण एकेक नोट अशी काउंटरवर ठेवली की जणू माझ्या शवपेटीवर माती टाकतोय. तेवढ्यात मेव्हणा पोचला. त्याचीही गाडी घराएवढीच होती. मग दोघांनी मिळून मला माझ्या व्यवसायाविषयी आणि माझ्या राज्याविषयी बरंच ऐकवलं. कॉफीचं टेबल गप्प बसून ऐकत होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या भांडणात पडणं हे अंगणात कपडे काढण्याइतकं वाईट समजतात.

ते गेल्यावर सेल्मर म्हणाले, "पाटी जरा मोठी हवी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर लोकांच्या फोनचा कार्यक्रम होता, त्यात कोणीतरी सांगितलं की होव्हडालमध्ये पेट्रोल दोन डॉलरला मिळतंय. दुपारी रस्त्यावर रांग. शेजारच्या जिल्ह्यातून लोक आले होते, ट्रॅक्टरच्या टाक्या घेऊन आले होते. एक बाई तर दोन डॉलरचं पेट्रोल भरायला पाच डॉलरचं पेट्रोल जाळून आली होती. मी गाडीगाडीपाशी जाऊन खिडकीत वाकून समजावत होते. काच खाली करताना सगळे हसायचे आणि वर करताना कोणी हसायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच रेडिओवर कोणी म्हणालं, ऑर्विलची मुलगी लोकांना फसवते.

ऑर्विलचं नाव असं पहिल्यांदाच त्या शब्दाशेजारी आलं. मी रेडिओ बंद केला. दुकानातल्या ब्रेडचे पुडे सरळ लावले, मग पुन्हा सरळ लावले.

पण बाहेरच्यांचं एक असतं, ते जातात. खरी गोष्ट घडली ती अर्डिसची. त्यांची बहीण चाळीस मैलांवर वृद्धाश्रमात असते आणि अर्डिस दर गुरुवारी तिला भेटायला जातात. त्यांनी पाटी वाचली होती, आणि फार नीट वाचली होती. यंत्र अर्धं दाखवतं, एवढं त्यांनी मनात पक्कं धरलं. त्यांना दहा गॅलन हवं होतं. यंत्रावर पाच दिसल्याबरोबर त्यांनी नळी काढली, डॉलर दुप्पट मोजून दिले, माझ्या गालाला हात लावला आणि गेल्या.

परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली. दोन्हीकडे सूर्यफुलांची शेतं. अर्डिसच्या पर्समध्ये फोन होता. पण कोणाला उगीच त्रास नको म्हणून त्या बसून राहिल्या. गाड्या जात होत्या, त्यातल्या ओळखीच्यांना त्या आतून हात हलवत होत्या, आणि ते लोकही हात हलवून पुढे जात होते. शेवटी अंधार पडायच्या बेताला सेल्मरांना चौथ्यांदा तिथून जाताना शंका आली.

"अगं, सांगायचं नाही का?"

"तू घाईत दिसलास," अर्डिस म्हणाल्या.

अर्डिसनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी फक्त खरं ते सांगितलं, की दहा गॅलन घेतलं आणि अर्ध्या वाटेत संपलं. गावाने हिशेब पुरा केला. ऑर्विलच्या पंपावर थेंब कमी पडायला लागला होता.

आता माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिने अर्डिसना गॅलनचा आकडा बरोबर असतो एवढं समजावलं असतं आणि गप्प बसली असती. मी तसं समजावलं. पण गप्प बसण्याऐवजी एक कागद लिहिला. मला वाटलं, लोक चिडलेत ते भावावर, आणि भाव का वाढला हे त्यांना कोणी प्रामाणिकपणे सांगितलेलं नाही म्हणून. मी तीन संध्याकाळी वाचनात घालवल्या. विहिरी, जहाजं, शुद्धीकरणाचे कारखाने, सट्टेबाज, युद्धं, डॉलरची घसरण, सगळं वाचलं. जितकं वाचलं तितकं कमी कळत गेलं, आणि जे कळलं ते चार ओळींत मावलं. तो कागद मी काउंटरवर चिकटवला.

'भाव का वाढला हे या दुकानात कोणालाही ठाऊक नाही. कारणं अनेक आहेत, एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि त्यातलं एकही होव्हडालमध्ये नाही. पंपाला गॅलनमागे काही सेंट उरतात, ते कॉफीत जातात.'

मला हा मजकूर आवडला होता. आटोपशीर होता.

सेल्मरांनी चष्मा काढून तो वाचला. मग चष्मा लावून वाचला.

"ठाऊक नाही कसं? ऑर्विलला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"वॉशिंग्टन. सगळं तिथून होतं. शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे आले की तिथे घंटा वाजते आणि ते भाव वाढवतात. ऑर्विलने मला सांगितलंय. एकदा नव्हे, नेहमी."

"काहीतरीच," लव्हर्न टेबलावरून म्हणाले. "ऑर्विल असं बोलणं शक्य नाही. कारण आहे ते मागणीचं. चीनमध्ये आणि भारतात आता सगळ्यांनी गाड्या घ्यायला सुरुवात केलीय. आम्ही दोघांनी नकाशावर बघितलंय."

"भारतात?" सेल्मर म्हणाले. "त्यांना कुठे जायचं असतं?"

"कामावर, सेल्मर. माणसं कामावर जातात."

"इतकी वर्षं कसे जात होते?"

लव्हर्न कॉफी ओतायला उठले. तेव्हा अर्डिस हळूच म्हणाल्या, "पण तो पाइप दुरुस्त झाला का?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो.

"टेक्सासमधला. मोठा पाइप. तो फुटलाय, दुरुस्तीचं काम चालू आहे, झालं की भाव खाली येईल. ऑर्विलने सांगितलं होतं."

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

अर्डिसनी आठवून पाहिलं. "आमचे हे होते तेव्हा. तू शाळेत होतीस. मी दर रविवारी त्या पाइपसाठी प्रार्थना करते."

माझ्या लक्षात यायला लागलं होतं, आणि भीती हीच होती की त्यांच्याही लक्षात येईल. बाबा गिऱ्हाइकागणिक वेगळं कारण सांगत होते. ज्याला जे पेलेल ते. सगळे एकाच टेबलावर बसायचे, पण दुसऱ्याला काय सांगितलंय हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही, ते खाजगी समजतात. इतकी वर्षं ती भिंत उभी होती. ती मी चार ओळींच्या कागदाने पाडली.

दोन दिवसांनी वजनमापचा इन्स्पेक्टर आला. तक्रार गेली होती. बाउमन नावाचा जाडजूड, दमलेला माणूस, हातात पितळेचं माप. त्याने गॅलन मोजून घेतला. थेंब कमी नव्हता. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, म्हणून मी त्याला पावती मागितली. मग त्याला काउंटरवरचा कागद दिसला.

"हा काढावा लागेल."

"का? यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण भावाच्या पाटीजवळ दुसरी पाटी असली की गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो."

"गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हायचं अजून काही बाकी आहे का, मिस्टर बाउमन?"

त्याने सहानुभूतीने मान हलवली. जाताना दारात थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे वडील बोलले होते मला. हे सगळं हवेत उडून जाण्यामुळे होतं. टँकर इतक्या लांबून येतात, वाटेत वाफ होते. आमच्या खात्यात हे कोणाला पटत नाही. त्यांना पटलं होतं."

इन्स्पेक्टरसुद्धा. मी खुर्चीवर बसले.

बाबांचा आवाज मला ऐकू येत होता. दर रविवारी दुपारी ते मला मिनिआपोलिसला फोन करायचे. गेल्या हिवाळ्यात बोलता बोलता त्यांना धाप लागायची. मी विचारायचे. ते म्हणायचे, धान्याची धूळ, दुसरं काय. मग ते मलाच विचारायचे, मी काय वाचतेय. ते गेल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की हृदयाची एक रक्तवाहिनी दोन वर्षं बंद होत आली होती, शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली होती, आणि ऑर्विलना सगळं पूर्ण ठाऊक होतं. डॉक्टरांनी चित्रही काढून दाखवलं. छान समजावलं. मी आभार मानले आणि घरी आले, आणि ते गेलेले होते ते गेलेलेच होते.

पण मी सांगत होते कागदाविषयी. तो मी काढला. त्याने काही फरक पडला नाही. आता गावात कोणीही कोणालाही भेटलं की विचारायचं, तुला ऑर्विलने काय सांगितलं होतं? दुधवाल्याला त्यांनी अरबांचं सांगितलं होतं. पोस्टातल्या बाईला हवामानाचं. पाद्र्यांना माणसाच्या लोभाचं, आणि पाद्र्यांनी त्यावर दोनदा प्रवचन दिलं होतं. मी ब्रेडचे पुडे सरळ करत हिशेब मांडला. कापणीला अजून महिना होता. त्याआधीच संस्थेचे लोक म्हणणार, ऑर्विल सगळ्यांशी खोटं बोलत होता, आणि मुलगी निम्मा आकडा दाखवते. पाटीवरून नाव कधी पुसलं जातं ते कळतही नाही.

म्हणून मी ठरवलं, रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी उभं राहून बोलायचं. आमच्याकडे तळघरात उभं राहून कोणी बोलत नाही, केक-वड्या भाजून आणणाऱ्या बायका सोडून. मी भाषण पाठ केलं. बाबांना कोणाला फसवायचं नव्हतं, त्यांना गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवणं जमत नव्हतं, असं काहीसं. चांगलं होतं. ते कोणी ऐकलं नाही, कारण मी कप खाली ठेवायच्या आत लव्हर्ननी मला खांबाआड ओढलं.

"मार्डेल, एक सांगतो. या लोकांना फार खोलात जाऊ देऊ नकोस. वाईट वाटेल त्यांना."

"कशाचं?"

"तुझ्या वडिलांनी सेल्मरला वॉशिंग्टनचं सांगितलं, कारण बिचाऱ्याला नकाशा वाचता येत नाही. अर्डिसला तो पाइप. समजूत काढायची म्हणून. खरं कारण त्यांनी फक्त माझ्यापाशी काढलं होतं." त्यांचे डोळे ओलावले होते. "मला त्याची किंमत आहे."

मी बटाट्याच्या भाजीच्या परातीपाशी गेले. सेल्मर आले.

"लव्हर्नचं मनावर घेऊ नकोस, पोरी. मास्तर माणूस, त्याला काहीतरी लांबचं लागतं. ऑर्विलने चीन-भारत देऊन वाटेला लावलं त्याला. मला मात्र तो सरळ बोलायचा."

अर्डिस ऑर्गन बंद करून खाली आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "पुरुषांना पाइप दुरुस्त होण्याइतका धीर नसतो, बाळ. म्हणून त्याने त्यांना काहीबाही सांगितलं."

दुधवाला, पोस्टातली बाई, पाद्री, सगळे एकेक करून आले. प्रत्येकाला उरलेल्या गावाची दया येत होती. बाबांचं नाव शाबूत होतं, आणि त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. पाठ केलेलं भाषण मी लिंबाच्या वडीबरोबर गिळलं.

अर्डिसच्या रिकाम्या टाकीचंही मग गावानेच मिटवलं. अर्डिसना बेरीज येत नाही असं ठरलं, आणि अर्डिसनी ते कबूल केलं, कोणाला त्रास नको म्हणून.

कापणी झाली. कापणीच्या दिवसांत दुप्पट करण्याची सगळ्यांना इतकी सवय झाली की दुकानातल्या दुधाचेही दोघातिघांनी दुप्पट पैसे दिले. संस्थेने पंप घ्यायचं नक्की केलं, नवं चाक बसवून मगच. मी रजा वाढवली. आणि मग सप्टेंबर सरता सरता भाव घसरायला लागला. चारच्या खाली. तीनच्या खाली. नोव्हेंबरात कंपनीने शब्द पाळला, माणूस आला, नऊ नव्व्याण्णवपर्यंत जाणारी चकचकीत चाकं बसवून गेला. मी त्याचं बिल दिलं, झाकण उघडलं, आणि डॉलरचं चाक एकवर आणून ठेवलं. पेट्रोल दोन डॉलरच्याही खाली आलं होतं.

मी वाट पाहिली. भाव का उतरला हे कोणीतरी विचारेल असं मला वाटत होतं. मी त्यासाठी एक वाक्यही तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. उतरलेल्या भावाचं कारण कोणालाच लागत नाही.

शेवटच्या सकाळी तिघे टेबलाशी होते. संस्थेची माणसं किल्ल्या घ्यायला येणार होती. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. मी शिडी लावून खांबावरच्या पाटीचे आकडे शेवटचे बदलून आले आणि दारात उभी राहून धापा टाकत होते.

"ऑर्विललाही अशीच धाप लागायची," सेल्मर म्हणाले. "सरकारने गोळ्या बदलल्या तेव्हापासून."

"गोळ्या नव्हेत," लव्हर्न म्हणाले. "कोरियाच्या युद्धातली थंडी. तरुणपणी तिथे छातीत बसली ती बसलीच. त्यांनीच मला सांगितलं."

अर्डिस ताटलीवरचा कागद काढत होत्या. "त्याच्या काळजातली एक नळी बंद होत होती," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करू या म्हणाले डॉक्टर. हा नको म्हणाला. मी तिच्यासाठीही प्रार्थना करायचे, दोन वर्षं."

मी हातमोजे काढले आणि काउंटरवर एकावर एक ठेवले.

"आणि तुला काय सांगितलं होतं, मार्डेल?" अर्डिसनी विचारलं.

"धान्याची धूळ."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. तळघरात त्या दिवशी सगळे एकमेकांकडे त्याच नजरेने बघत होते. अर्डिस उठल्या, ताटली माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"धुळीनेही लागते," लव्हर्न म्हणाले. आयुष्यभर त्यांनी माझी एकही चूक सोडली नव्हती. "धाप. लागू शकते."

"लागते की," सेल्मर म्हणाले. "कापणीच्या दिवसांत तर फारच."

हिवाळ्यात कापणी नसते, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.